सत्तरची थरथर

गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा ती ठणठणीत होती, हे सर आजही कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहेत. काचेच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख होती आणि तारीख म्हटली की पाळायचीच, या एका वाईट सवयीपायी त्यांनी ती दिली. बरं चाललेल्या पोटाला उगाच एरंडेल पाजावं, तसं झालं.

परत येताना साठपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. पासष्टला आरसा शहारला. सत्तरला सीट थरथरायला लागली आणि बहात्तरला सरांचे गाल. मागून येणारा एकटा स्कूटरवाला आरशात तिघा भावंडांसारखा दिसायला लागला. सरांनी पाय काढला, गाडी साठावर आली आणि सगळं कसं शांत झालं. पुन्हा सत्तर, पुन्हा थरथर. घरी पोचेपर्यंत सरांनी हा प्रयोग अकरा वेळा केला आणि अकराही वेळा त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

सर म्हणजे शाळेतले भाषेचे सर. अनुस्वार राहिला की अर्धा गुण कापत, म्हणून पोरं त्यांना मागून ‘अनुस्वार’ म्हणत आणि पालक समोरून घाबरत. पण शाळेचं फाटक ओलांडलं की हाच माणूस मवाळ. बसमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा म्हणून बसायचं आणि तेही अर्धंच, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग एके दिवशी, कुणालाही न विचारता, त्यांनी ही उंच, चारी चाकांना जोर असणारी, जुनी पण धडधाकट गाडी घेतली. तिच्यात दोन दांडे होते. एक साध्या गिअरचा आणि दुसरा चिखलात, चढावर चारही चाकं जुंपायला. तो दुसरा दांडा सरांनी अजून एकदाही ओढलेला नव्हता, पण रोज सकाळी मऊ फडक्याने पुसलेला मात्र होता. त्या सीटवर बसलं की त्यांना इतरांच्या गाड्यांची टपं दिसत. जन्मभर लोकांच्या बगला बघितलेल्या माणसाला टपं दिसायला लागली की त्याचं काय होतं, हे ज्याचं त्याला कळतं.

“अगं, कंप सुटलाय!” दारातूनच सर ओरडले.

“तापही आहे का?” आतून बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. पहिला प्रश्न नेहमी तोच.

“मला नाही गं, गाडीला.”

“मग त्यांनाच नेऊन दाखवा, ज्यांनी हात लावला.” एवढं बोलून ती थांबली असती तर बरं होतं. पण ती बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, “अहो, पुढच्या रविवारी ताई आणि भावोजी यायचेत. धरणावर आपल्या गाडीतून जायचं तुम्हीच छातीठोकपणे सांगितलंय. तोवर हे थांबलं नाही, तर ही गाडी विकायची. माझी कंबर आहे, खुळखुळा नाही.”

भावोजी म्हणजे सरांचे साडू. साडू हे नातं देवाने माणसाला नम्र ठेवण्यासाठी निर्माण केलं असावं. या साडूंची गाडी लांबट, बुटकी आणि इतकी गुळगुळीत होती, की ती चालू आहे की बंद हे विचारावं लागे. सरांची गाडी पहिल्यांदा बघून ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, “मास्तर, युद्ध कधी सुरू होतंय?” आता थरथरीची बातमी ताईंमार्फत त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांचा लगेच फोन आला, की काळजी करू नका, आमच्या ऑफिसात एक वेडा आहे, त्याला असलंच काहीतरी हवंय. रविवारी प्रत्यक्ष बसून बघतो आणि त्याला कळवतो.

सर दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, हातातल्या पाटीवर बोटाने काहीतरी उमटवलं आणि यंत्रातून एक कागद काढून सरांपुढे सहीला ठेवला. त्यावर छापलं होतं : ‘ग्राहक सत्तरच्या पुढे थरथरतो.’

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. “कर्ता चुकलाय,” ते म्हणाले.

“कोण कर्ता?”

“वाक्यातला. गाडी थरथरते. मी थरथरत नाही.”

सल्लागाराने सरांच्या हाताकडे बघितलं. संतापाने तो थरथरत होता. “सर, सिस्टममध्ये ठरलेलीच वाक्यं आहेत. ‘ग्राहक’ने सुरू होणारी. ‘ग्राहक आवाज ऐकतो’, ‘ग्राहकाला वास येतो’, ‘ग्राहक थरथरतो’. तुमच्यासाठी हेच सगळ्यात जवळचं.”

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका अशुद्ध वाक्याखाली सही केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं म्हणतात, पण ते खरं नाही. उशिरा जेवले.

संध्याकाळी गाडी मिळाली. लखलखीत धुतलेली, आत लिंबाचा वास मारलेला, आणि कागदावर शिक्का : ‘दोष आढळला नाही.’ सरांनी बाहेर रस्त्याला लागून सत्तर गाठले आणि लिंबाच्या वासासकट थरथरले. परत वळून गेले, तेव्हा उलगडा झाला. सेंटरच्या नियमाप्रमाणे चाचणी चाळिसाच्या वर घेता येत नव्हती.

“पण ती सत्तरला थरथरते!”

“त्याला व्यवस्थापकांची सही लागते, सर.”

“मग घ्या.”

“ते प्रशिक्षणाला गेलेत.”

“कसल्या?”

“ग्राहकाचं ऐकून कसं घ्यावं, याच्या.”

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाचा फोन आला, तोही मधल्या सुट्टीत, भरल्या शिक्षकखोलीत. पलीकडची मुलगी फार गोड होती. तिने विचारलं, “नेमका कसा आवाज येतो, सर? जरा काढून दाखवाल?”

थरथर शब्दात मांडणं सरांना जड नव्हतं. थरथर, थरकाप, कंप, हादरा, खडखड आणि धडधड यांतला फरक त्यांनी तिला उदाहरणांसह समजावला. पण ती म्हणे, आवाजच काढा. सरांनी खिडकीकडे तोंड केलं, ओठ सैल सोडले आणि “ब्बुर्रर्रर्रर्र” असा सुरुवातीला भीत भीत, मग पासष्ट, सत्तर, बहात्तर असा चढत जाणारा सूर लावला. कलेचा एक क्षण असतो, त्यात माणूस स्वतःला विसरतो. सर भानावर आले, तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या होत्या. गणिताच्या बाईंच्या हातातली पोळी हवेतच होती. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

“तुमचं झालं की या,” त्या हळुवारपणे म्हणाल्या. आजारी माणसाशी बोलतात तसं.

त्या दिवसापासून शाळेत कुणी त्यांना जादा तास दिला नाही. या साऱ्या प्रकरणातला हा एकमेव फायदा.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. वरच्या मजल्यावरचे ‘पायलट’ खाली उतरले. विमान कंपनीत तीस वर्षं काढली म्हणून सगळे त्यांना पायलट म्हणत. तिथे त्यांच्याकडे जेवणाचे ट्रे मोजायचं काम होतं, ही गोष्ट वेगळी. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि डोळे मिटले. “शेपूट हलकं आहे,” ते म्हणाले. “विमानातही असंच होतं. मागे वजन टाका.”

सरांनी मागे खडीची दोन पोती टाकली. सत्तरला गाडी थरथरली, पोती थरथरली, एक पोतं उसवलं आणि खडी पुढे आली. आता थरथरीला ताल धरायला खुळखुळ मिळाली. पुढचे दोन आठवडे सरांना कुठल्याही कपड्याच्या खिशात खडा सापडत होता.

खाली उताराच्या पायथ्याशी होमिओपॅथीचे डॉक्टर होते. ते जास्त खोलात गेले. “थरथर सकाळी जास्त की संध्याकाळी? उजवीकडे की डावीकडे? थंडीत वाढते? आधी कधी मोठी भीती बसली होती का?”

“मला की गाडीला?”

“आम्ही वेगळं समजत नाही,” डॉक्टर म्हणाले.

मग चाकांचा संशय निघाला. हा सगळ्यात शहाणा संशय, म्हणून त्यानेच सगळ्यात जास्त घात केला. टायरवाल्याने चारही चाकं यंत्रावर फिरवून बघितली आणि एकदम चोख असल्याचं सांगितलं. तरी पायलट म्हणाले, मागची पुढे आणि पुढची मागे करून बघा, कंप सीटमधून स्टिअरिंगमध्ये गेला तर चाक दोषी. तत्त्व बरोबर होतं. फक्त हे काम टायरवाल्याकडे करायचं, की स्वतः, उताराच्या तोंडाशी, गुरुवारी सकाळी शाळेत जायच्या आधी, याबद्दल तत्त्व काही सांगत नव्हतं.

तीन चाकं बदलून झाली. चौथं सरांनी क्षणभर भिंतीला टेकवलं आणि ते कपाळ पुसायला वळले. चाकाने आधी अगदी सावकाश निघायचं ठरवलं, जणू दोन पावलं चालून येतं. सर “अहो, अहो” करत मागे गेले. घाबरले की ते सगळ्यांनाच आदरार्थी बोलत. चाकाने वेग धरला, पहिल्या गतिरोधकावरून उडी मारली, दुधाच्या गाडीला वळसा घातला, दुसऱ्या गतिरोधकावर जरा विचार केला आणि सरळ डॉक्टरांच्या दवाखान्याच्या उघड्या दारातून आत शिरलं. सर धापा टाकत पोचले, तेव्हा ते दोन पेशंटांच्या मधे, बाकाला टेकून, व्यवस्थित उभं होतं.

“नंबर लावलाय का?” काउंटरवरच्या बाईंनी वही न सोडता विचारलं.

चाक घेऊन चढ चढायला वीस मिनिटं लागली. चाकं बदलूनही थरथर जिथल्या तिथे, सीटखालीच राहिली. त्या संध्याकाळी सर फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखे गाडीपाशी उभे होते. बायको लॅबमधून परतली, तेव्हा ते दुसरा दांडा पुसत होते. पुसून झालेला दांडा पुन्हा पुन्हा पुसत होते.

“विकून टाकू,” ते म्हणाले. “साडूंना फोन करतो. त्यांच्या त्या वेड्याला म्हणावं, घेऊन जा. एका वेड्याकडून दुसऱ्या वेड्याकडे. गाडीला फरक कळायचा नाही.”

बायकोने त्या चकचकीत दांड्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःसाठी म्हणून आणलेल्या वस्तू तिला एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या आणि त्यातही अंगठा उरला असता. ती वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात लॅबचं रजिस्टर, चिकटपट्टी आणि रंगीत पाण्याने अर्धी भरलेली एक काचेची नळी होती.

“शनिवारी सकाळी मला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “आजवर सगळ्यांनी औषधं सांगितली. तपासणी कुणी केली?”

शनिवारी सकाळी रिकाम्या मोठ्या रस्त्यावर तिने नळी समोरच्या फळीवर आडवी चिकटवली, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि सरांना हुकूम सोडायला सुरुवात केली. “साठ. थांबा. तिथेच राहा. पाणी शांत. आता पासष्ट. हं. सत्तर. अहो, माझ्याकडे नका बघू, रस्त्याकडे बघा.” नळीतल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या. “आता गिअर काढा. न्यूट्रल.”

“सत्तरला?”

“पाय हलका ठेवा आणि सोडा. काही होत नाही.”

सरांनी गिअर काढला. इंजिन निवांत झालं, गाडी नुसती घरंगळत राहिली, आणि पाण्यावरच्या लाटा तशाच होत्या. बायकोने लिहिलं : इंजिन, निगेटिव्ह. मग वेगळ्या गिअरमध्ये सत्तर, पुन्हा लाटा. गिअर कुठलाही असो, थरथर सत्तरलाच. चाकं तर बदलून झाली होती. त्यांच्यापुढेही निगेटिव्ह पडलं. मग ती म्हणाली, आता गाडी थांबवा आणि तो तुमचा लाडका दांडा ओढा.

“अगं, तो चिखलातला आहे!”

“मग कोरड्यावर सरळ रेषेत थोडंच चालवा. पुढची चाकं जोडली की काय होतं ते बघू.”

सरांनी दांडा ओढला. खाली कुठेतरी ‘खट’ झालं आणि त्या आवाजाने सरांच्या पाठीतून एक गोड शिरशिरी गेली, जिची नोंद रजिस्टरात नाही. पण सत्तरची थरथर तेवढीच राहिली, ना तसूभर कमी, ना जास्त. बायकोने पेन टोपणात घातलं.

“इंजिन नाही, चाकं नाहीत, पुढचं काही नाही. चाकांच्या वेगाने फिरतं पण चाक नाही, आणि आपल्या बुडाखाली आहे. अहो, असं काय असतं गाडीत?”

सरांना माहीत नव्हतं. त्यांना गाडी वरून माहीत होती.

हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये म्हातारे उस्ताद ट्रक दुरुस्त करत. बायकोने गाडी तिथेच घ्यायला लावली. उस्तादांनी तोंडातली काडी न काढता रजिस्टर वाचलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“हे कुणी केलं?” त्यांनी सरांना विचारलं.

सरांचं तोंड उघडलं. व्याकरणाच्या माणसाला कर्ता बदलणं किती सोपं असतं! पण ते प्रामाणिक होते. “हिने,” ते म्हणाले.

“बाई, तुम्ही माझं अर्धं काम संपवलंत. गाडी खड्ड्यावर घ्या.”

खड्ड्यात पहिले उस्ताद उतरले, दुसरी बायको, आणि पांढरा शर्ट घातलेले सर तिसरे. वर, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत, एक लांब लोखंडी दांडा गेलेला होता. इंजिनचा जोर मागे नेणारा. उस्तादांनी टॉर्च मारला. “हा मधे दोन तुकड्यांत असतो. एक दुसऱ्यात दात्यांवरून सरकतो. दोन्ही टोकांना हे चिमटे बघा. एक आडवा असेल तर दुसराही आडवाच हवा. आणि हे कसे आहेत?”

एक चिमटा सरळ होता. दुसरा मान वाकडी करून भलतीकडे बघत होता.

“भांडण झाल्यासारखे,” बायको म्हणाली.

“बरोबर. ग्रीस भरायला दांडा वेगळा केला, आणि बसवताना चार दाते चुकवून बसवला. हळू चाललं तर कळत नाही. जोरात गेलं की दोघं दोन दिशांना ओढतात.” त्यांनी चिंधीने मळ पुसला. खाली दोन पांढऱ्या खुणा निघाल्या, एक इथे, एक भलतीकडे. “कारखान्याने खुणा करून दिल्यात. नुसतं पुसून बघायचं होतं.”

सर त्या खुणांकडे बघत राहिले. दोन ठिपके. एवढेसे. अक्षरावर असतात तेवढे. पंचवीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते आणि लोक त्यांना हसत आले होते. भावनेच्या भरात त्यांनी दांड्यावर हात ठेवला, तोच हात शर्टावर ठेवला, आणि मग चष्मा सारला. उस्तादांनी दांडा ओढला, फिरवला, खूण खुणेला लावून बसवला. अर्ध्या तासाचं काम. सर खड्ड्यातून वर आले, तेव्हा शेडच्या दारातल्या कुत्र्याने त्यांना ओळखीचा समजून शेपूट हलवलं.

त्याच संध्याकाळी सर्व्हिस सेंटरचा संदेश आला : ‘आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. गाडीत दोष नाही.’ सरांनी तो तीनदा वाचला. वाक्यात एकही चूक नव्हती आणि आता तर ते खरंही होतं. माणसाने भांडावं तरी कशाशी?

रविवारी सकाळी साडू आले. अंगात फिरायला जायचा शर्ट, चेहऱ्यावर सांत्वनाला आल्याचा भाव. पाठीला लावायला त्यांनी स्वतःची उशी आणली होती. ताई मागे त्यांच्याशेजारी बसल्या. सर चावी घ्यायला वळले, तर बायको आधीच स्टिअरिंगमागे बसून आरसा स्वतःच्या उंचीला लावत होती.

“तुम्ही काल दमलात,” ती म्हणाली. “बसा इकडे.”

गाव संपलं. मोठा रस्ता लागला. साठ. साडूंनी उशी नीट केली. पासष्ट. सरांनी आरशाकडे बघायचं टाळलं. सत्तर.

काहीच झालं नाही.

पंचाहत्तर. आरशात मागचा स्कूटरवाला एकटाच होता. खणखणीत, एकवचनी. मागे साडू एका बाजूला वाकून जमिनीला कान लावल्यासारखं ऐकत होते.

“चालू आहे ना?” शेवटी त्यांनी विचारलं.

“आहे, भावोजी.”

“मग आता त्या वेड्याला काय सांगू?”

“सांगा, गाडी विकायची नाही,” बायको म्हणाली. “आणि त्याला वेडा म्हणू नका.”

साडू गप्प झाले. ते इतका वेळ गप्प राहिले, की ताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग त्यांनी हळूच उशी पाठीमागून काढली, मांडीवर घेतली आणि तिच्यावर डोकं ठेवून गाढ झोपले. खिडकीतून वारा येत होता. शेतं, विजेचे खांब, पूल, पुन्हा शेतं असं सगळं एका सुरात मागे जात होतं. बऱ्याच वेळाने सरांच्या लक्षात आलं, की डावीकडे जे धरण दिसायला हवं होतं, ते दिसत नाही.

“अगं, धरणाचा फाटा आला नाही अजून?”

“फाटा?” बायको समोर बघत म्हणाली. “तो मघाशीच गेला. वीसेक किलोमीटर मागे.”

“मग वळली का नाहीस?”

तिने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं नळ्यांमधलं रक्त बघणाऱ्या त्या शांत चेहऱ्यावर सरांनी कधीही न पाहिलेलं काहीतरी पसरलं होतं.

“म्हटलं, नव्वदला काय होतं ते बघू,” ती म्हणाली, आणि तिने पाय दाबला.